पोलीन रेआज कोण होती? चाळीस वर्षं टिकलेल्या एका गुपिताचा प्रकरण अभ्यास

रात्री घर निजलं की ती पलंगावर कुशीवर वळायची, पाय पोटाशी घ्यायची, समोर शाळेची साधी वही उघडायची आणि मऊ काळ्या पेन्सिलीनं लिहायला लागायची. लिहिलेली पानं टपालानं एकाच माणसाकडे जायची. त्यानं ती वाचावी आणि पुढं काय झालं असं विचारावं, एवढ्यासाठीच तो सगळा खटाटोप. तिची चाळिशी उलटलेली होती. दिवसा ती पॅरिसमध्ये गालिमार या प्रकाशनसंस्थेत काम करायची. जून १९५४ मध्ये त्या पानांचं पुस्तक झालं, 'इस्त्वार दो', म्हणजे ओची कहाणी. लेखिकेच्या जागी नाव छापलं होतं पोलीन रेआज. या नावाची बाई पॅरिसमध्ये कुणी कधी पाहिलेली नव्हती.

हे लिखाण डोमिनिक ओरी यांचं आहे हे जाहीरपणे कळायला १९९४ साल उजाडलं. त्यानंतर दहा वर्षांनी, २००४ मध्ये, अमेरिकन दिग्दर्शिका पोला रॅपापोर्ट यांचा 'रायटर ऑफ ओ' हा माहितीपट आला. या अभ्यासाला निमित्त त्या माहितीपटाचं आहे, पण माझा प्रश्न त्याच्या थोडा मागे जातो. लेखिका कोण हे सगळ्यांना कळून दहा वर्षं झाल्यावर कॅमेऱ्यासाठी उरतं काय? माझ्या मते उरते ती सगळ्यात मोलाची गोष्ट: हे गुपित इतकी वर्षं टिकलं कसं. लपवणाऱ्यांनी तोंडं घट्ट मिटली होती हे खरंच, पण शोधणाऱ्यांच्या डोक्यातल्या एका समजुतीनं त्यांच्यापेक्षाही चोख राखण केली.

पुस्तकाबद्दल आधी थोडक्यात सांगतो. ओ ही पॅरिसमधली फॅशन छायाचित्रकार. तिचा प्रियकर तिला एके दिवशी, ते दोघं एरवी कधी जात नाहीत अशा भागात फिरायला नेतो, तिथं एक मोटार उभी असते, आणि ती मोटार तिला रुआसी इथल्या एका वाड्यात घेऊन जाते. तिथून पुढं ती स्वतःच्या संमतीनं स्वतःवरचा सगळा हक्क सोडत जाते. शारीरिक छळ, अंकित होणं, हातोहात दिलं जाणं हे सगळं त्यात आहे आणि ते वाचणं सोपं नाही. पण वाचकांना हादरवलं ते भाषेनं. एकही शिवराळ शब्द नाही, वाक्यं स्वच्छ, थंड, जुन्या फ्रेंच गद्याच्या शिस्तीतली. या शिस्तीमुळेच हे कुणा नवशिक्याचं काम नव्हे हे पहिल्या पानापासून कळत होतं, आणि म्हणून संशयाची सुई पॅरिसच्या मोठ्या लेखकांकडे वळली.

लपवाछपवी पुस्तकाच्या पोटातही आहे. सुरुवात एकदा सांगून झाल्यावर लेखिका त्याच सुरुवातीची दुसरी आवृत्ती देते. शेवटी एक टीप येते की आणखी एक प्रकरण होतं, ते गाळलं आहे, आणि शेवटही वेगळा असू शकतो. नायिकेला नाव म्हणून फक्त एक अक्षर. त्या अक्षराचा समीक्षकांनी किती कीस काढला! शून्य, वर्तुळ, छिद्र, काय काय. खुलासा मात्र अगदी साधा निघाला. नायिकेचं नाव आधी ओदील होतं, लेखिकेच्या एका मैत्रिणीवरून. काही पानं झाल्यावर बिचाऱ्या ओदीलच्या वाट्याला हे सगळं आणणं जिवावर आलं, म्हणून पहिलं अक्षर तेवढं ठेवलं. मला या एका तपशिलात सगळी लेखिका दिसते. मैत्रिणीचं नाव वाचवणारी बाई स्वतःचं नावही तितक्याच काळजीनं वाचवणार.

आता ती बाई. जन्म १९०७, रोशफोर. जन्मनाव आन देक्लो. आईचं माहेरचं आडनाव ओरिकॉस्त, त्यातून तिनं 'ओरी' घेतलं, आणि फ्रेंचमध्ये पुरुषालाही चालतं आणि बाईलाही चालतं असं 'डोमिनिक' त्याच्या पुढं लावलं. म्हणजे पोलीन रेआज व्हायच्या कितीतरी आधी तिनं एकदा नाव बदललेलं होतं, आणि नवं नाव असं निवडलं होतं की त्यावरून बाई की पुरुष ते कळू नये. सॉर्बोनमध्ये शिक्षण, इंग्रजीवर प्रभुत्व, फेनेलोंसारख्या सतराव्या शतकातल्या धार्मिक लेखकांचा नाद. १९४३ मध्ये तिनं फ्रेंच धार्मिक कवितांचा संग्रह संपादित केला. जर्मन अंमल असताना 'ले लेत्र फ्रांसेझ' हे भूमिगत नियतकालिक वाटायच्या कामात ती होती. पुढं 'नूव्हेल रव्ह्यू फ्रांसेझ' या मासिकाची कार्यवाह झाली आणि गालिमारच्या वाचन समितीत पुरुषांच्या मेळाव्यात एकटी बाई म्हणून वर्षानुवर्षं बसली. सहकाऱ्यांना ठाऊक होती ती अबोल, साध्या कपड्यांतली, कामाला पक्की बाई.

तिच्या अनुवादांमधलं एक पुस्तक मला इथं मुद्दाम पुढं ठेवायचं आहे. १९४९ मध्ये तिनं स्कॉटिश लेखक जेम्स हॉग यांच्या 'एका पापी माणसाच्या कबुली'चं फ्रेंच केलं, त्याला आंद्रे जीद यांची प्रस्तावना होती. ती कादंबरी एका माणसाची आणि त्याच्या सावलीसारख्या प्रतिरूपाची, आणि १८२४ मध्ये ती निनावीच छापली गेली होती. अनुवादक पुस्तकाच्या आत महिनोन् महिने राहतो. निनावी लेखकाच्या वाक्यात शिरून ती आपल्या भाषेत पुन्हा बांधायची हे काम करणाऱ्या माणसाला, आपला आवाज दुसऱ्या नावाखाली कसा वाहतो, हे आतून कळत असणार. त्या अनुवादानं ही कादंबरी घडवली असा माझा दावा नाही. पण टोपणनाव घेणं हा तिच्यासाठी अचानक सुचलेला उपाय नव्हता, ती तिची जुनी सवय होती, हे यातून दिसतं.

तो एकच वाचक म्हणजे जाँ पोलाँ. वयानं तिच्यापेक्षा तेवीस वर्षांनी मोठे, मासिकाचे संपादक, फ्रेंच साहित्यातलं बडं प्रस्थ. विवाहित, पत्नी दीर्घ आजारी. दोघांचं नातं युद्धकाळापासूनचं, भेटी चोरून, रेल्वे स्टेशनांजवळच्या लहान हॉटेलांतल्या. पोलाँ यांना मार्की द साद या क्रूर कामुक लेखनासाठी गाजलेल्या अठराव्या शतकातल्या फ्रेंच लेखकाचं फार कौतुक, आणि असं काही एखादी बाई लिहू शकणार नाही हेही त्यांचं मत. तिनं ते मनावर घेतलं. पुढं म्हातारपणी तिनं कारण सांगितलं ते यापेक्षाही उघडं होतं: तो सोडून जाईल ही भीती होती, आपण तरुण नव्हतो, दिसायला सुंदर नव्हतो, हातात दुसरं शस्त्रच नव्हतं. पहिली साठेक पानं एका झपाट्यात उतरली. पोलाँ वाचून थक्क झाले आणि मागे लागले, की हे छापायचं.

गास्तों गालिमार यांनी हस्तलिखित नाकारलं. पुढं ते तरुण प्रकाशक जाँ-जाक पोव्हेर यांच्या हाती आलं. पोव्हेर अजून तिशीचेही नव्हते, पण साद यांचं समग्र साहित्य छापायची धमक त्यांनी आधीच दाखवली होती. पोलाँ यांनी प्रस्तावना लिहिली, 'गुलामीतलं सुख'. ती प्रस्तावना आज वाचताना मला त्रास होतो. बार्बाडोसमधल्या मुक्त झालेल्या गुलामांनी पुन्हा गुलामी मागितल्याच्या हकिकतीनं ती सुरू होते, आणि बायकांच्या मनातलं अखेर एका बाईनं कबूल केलं असा तिचा सूर आहे. एका बाईनं एका पुरुषाला लिहिलेली अगदी खाजगी गोष्ट त्यांनी समस्त बायकांच्या नावावर चढवली. पुस्तकावर पुढं जो राग निघाला त्यातला मोठा वाटा या प्रस्तावनेचा आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

१९५५ मध्ये कादंबरीला 'दे मागो' पुरस्कार मिळाला आणि बोभाटा झाला. पोलिसांनी चौकशी सुरू केली. पुस्तकावर सरसकट बंदी आली नाही, पण जाहिरात करायची नाही, मांडून ठेवायचं नाही, अल्पवयीनांना विकायचं नाही अशी बंधनं १९४९ च्या बालप्रकाशनविषयक कायद्याच्या आधारे आली. पोलाँ यांचा जबाब झाला. त्यांनी सांगितलं की पोलीन रेआज हे टोपणनाव घेतलेली बाई आपल्याला मासिकाच्या कचेरीत भेटली, जाड हस्तलिखित दिलं, आणि तिचं खरं नाव गुप्त ठेवायचा शब्द आपण दिला आहे. या जबाबातलं वाक्य न् वाक्य खरं आहे! ती बाई त्याच कचेरीत रोज कामाला येत होती. खटला उभा राहिला नाही.

मग अंदाजांचा पूर आला. पोलाँ स्वतः, आंद्रे मालरो, माँतेरलाँ, रेमों कनो, पिएर द माँदियार्ग, आलँ रॉब-ग्रिए. ही यादी पुन्हा वाचा. सगळे पुरुष आहेत. आल्बेर काम्यू यांचंही मत असंच, की हे बाईचं काम नाही. ज्या पुस्तकावर बाईचं नाव छापलेलं आहे, ज्याच्या प्रस्तावनेत बाईनं लिहिल्याचं ठासून सांगितलं आहे, त्याचा लेखक सगळं पॅरिस पुरुषांमध्ये शोधत होतं. मी सुरुवातीला म्हटलेली समजूत ती हीच. टोपणनावात अर्धं सत्य उघड ठेवलेलं होतं आणि तेवढंच कुणी मानलं नाही. ज्या वाक्यानं तिला लिहायला डिवचलं, बाईला हे जमणार नाही, त्याच वाक्यानं तिला चाळीस वर्षं झाकून ठेवलं.

बाकीची कारणं त्याच्या जोडीला आहेत. भूमिगत कामात शिकलेली शिस्त होती, कमीत कमी माणसांना माहिती द्यायची आणि ज्याला दिली त्याच्यावर पूर्ण भरवसा ठेवायचा. पोलाँ आणि पोव्हेर दोघांनी शब्द पाळला. आपल्या आईवडिलांच्या कानावर हे जाऊ नये ही तिची इच्छा होती, आणि सभ्य नोकरी होती. पण मला निर्णायक वाटतं ते आणखी एक कारण, आणि ते कळण्यासाठी फ्रेंच साहित्यातलंच दुसरं प्रकरण शेजारी ठेवावं लागतं.

रोमें गारी या कादंबरीकारानं 'एमील आजार' या नावानं लिहून १९७५ मध्ये गोंकूर हा फ्रान्समधला मानाचा साहित्य पुरस्कार मिळवला. नियमाप्रमाणे एकाच लेखकाला हा पुरस्कार दोनदा मिळत नाही, आणि गारींना तो १९५६ मध्ये आधीच मिळाला होता. आजार प्रसिद्ध झाल्यावर लोकांना चेहरा हवा झाला, म्हणून गारींनी नात्यातल्या एकाला आजार म्हणून पुढं केलं. तिथून गुंता वाढतच गेला, आणि खरी गोष्ट गारींच्या मृत्यूनंतर, १९८१ मध्ये, त्यांच्याच लिखाणातून बाहेर आली. पोलीन रेआजला मात्र कधी देह दिलाच नाही. तिच्या नावानं कुणी समारंभाला गेलं नाही, कुणाचं छायाचित्र छापलं नाही. नाव कसं सुचलं, तर पोलीन बोर्गेझ आणि पोलीन रोलाँ या दोन इतिहासातल्या बायकांवरून पोलीन, आणि नकाशात सहज दिसलेल्या जागेवरून रेआज. त्या नावामागे खोटं चरित्र रचलं नव्हतं, म्हणून तपासायला काही नव्हतं आणि पकडायलाही काही नव्हतं.

इंग्रजीत हे पुस्तक १९६५ मध्ये ग्रोव्ह प्रेसनं काढलं तेव्हा अनुवादकाचं नाव होतं साबीन देस्त्रे. तेही टोपणनाव. तो अनुवाद रिचर्ड सीव्हर यांचा, असं आता बहुतेक जण मानतात. म्हणजे पुरुष लेखक असल्याचा संशय ज्या बाईवर, तिच्या पुस्तकाला बाईचं नाव घेतलेला पुरुष अनुवादक!

नाव माहीत नसताना पुस्तकावर वाद मात्र खराखुरा झाला. अमेरिकन लेखिका सूझन साँटॅग यांनी १९६७ मध्ये अश्लील मानल्या गेलेल्या साहित्यावरच्या निबंधात याचा गंभीर साहित्य म्हणून विचार केला. अमेरिकन स्त्रीवादी आंद्रेया ड्वॉर्किन यांनी १९७४ मध्ये त्यावर कडाडून हल्ला चढवला. १९७५ मध्ये कादंबरीवर चित्रपट आला, 'लेक्सप्रेस' साप्ताहिकानं कादंबरीतला मजकूर छापला, तेव्हा पॅरिसमधल्या स्त्रीवादी कार्यकर्त्या साप्ताहिकाच्या कचेरीत घुसल्या. त्याच वर्षी रेजीन देफॉर्ज यांनी पोलीन रेआजची पुस्तकभर मुलाखत प्रसिद्ध केली. लेखिका त्यात मोकळेपणी बोलते, बालपणावर, धर्मावर, प्रेमावर, पण खरं नाव काही पुढं येत नाही. ड्वॉर्किन यांचा राग मला अनाठायी वाटत नाही. ओचं जे होतं ते वाचून अंगावर काटा येतो आणि तो यायलाच हवा. पण ही कादंबरी एका बाईनं आपला माणूस धरून ठेवायला लिहिली, हे कळल्यावर तिच्यातली शरणागती वेगळ्या कोनातून दिसते. गोष्टीत ओच्या हाती काही उरत नाही. लिहिणारीच्या हाती मात्र सगळं असतं, कधी थांबायचं, कधी पुढचं पान पाठवायचं, वाचणाऱ्याला किती ताटकळत ठेवायचं, हे सगळं तीच ठरवते.

१ ऑगस्ट १९९४ च्या 'न्यू यॉर्कर'मध्ये जॉन द सेंट जोर यांचा लेख आला आणि ८६ वर्षांच्या डोमिनिक ओरी यांनी त्यात आपणच लेखिका असल्याचं सांगितलं. आईवडील नव्हते, पोलाँ १९६८ मध्येच गेले होते. लपवायचं ज्यांच्यासाठी होतं ती माणसं संपली होती. हे बिंग फुटणं नव्हतं, हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो. २०१६ मध्ये एका पत्रकारानं मालमत्तेचे आणि पैशांचे व्यवहार तपासून एलेना फेरांते या इटालियन कादंबरीकाराच्या टोपणनावामागची व्यक्ती आपण शोधल्याचा दावा केला, तेव्हा वाचकच त्याच्यावर उखडले. लेखकाचा नकार मोडून काढलेलं नाव वेगळं, आणि लेखकानं वेळ आली म्हणून स्वतः दिलेलं नाव वेगळं.

आता माहितीपटाकडे. रॅपापोर्ट यांच्या हाती दोन प्रकारची सामग्री आहे. एक, खुद्द ओरी आपल्या पुस्तकाबद्दल बोलतात ते. दुसरी, कादंबरीतले प्रसंग नटांकडून करवून घेतलेले. कामुक आणि अश्लील यांतल्या फरकाची चर्चाही थोडी आहे. रहस्यकथेसारखी बांधणी इथं शक्यच नव्हती, कारण उत्तर प्रेक्षकाला आधीच ठाऊक आहे. म्हणून भर ठेवायचा तो माणसावर, आणि तो निर्णय मला योग्य वाटतो.

नाट्यीकरणाबद्दल मात्र माझी तक्रार आहे. कादंबरीतला प्रसंग कॅमेऱ्यासमोर उभा केला की त्याला नटीचा चेहरा मिळतो, कापड मिळतं, खोली मिळते. कादंबरीत यातलं बरंच काही वाक्याच्या थंडपणानं दूर ठेवलेलं असतं, आणि वाचणाऱ्याचं मन ते अंतर स्वतः भरून काढतं. पडद्यावर ते अंतर उरत नाही. शिवाय ज्या लेखिकेनं स्वतःलाही देह दिला नाही आणि नायिकेचं नावही एका अक्षरावर आणून ठेवलं, तिच्याबद्दलच्या चित्रपटात ओला चेहरा देणं मला तिच्या रीतीच्या उलट जाणारं वाटतं. याच माहितीपटाचं काम मी कुणाला अभ्यासाला दिलं तर पहिला प्रश्न हा विचारीन: कुठलं दृश्य काढून टाकलं तरी काहीच उणं वाटणार नाही? आणि दुसरा: पेन्सिल, वही, पाकीट, टपालाचा शिक्का, सेबास्तिएँ-बोताँ रस्त्यावरची गालिमारची कचेरी, या वस्तूंवर आणखी किती वेळ थांबता आलं असतं? गुपित या वस्तूंमध्ये राहत होतं.

ओरी यांचं बोलणं हाच या प्रकरणातला सगळ्यात भक्कम पुरावा आहे आणि सगळ्यात सुंदरही. त्या कबुलीजबाबाच्या सुरात बोलत नाहीत, त्यांना लाज नाही आणि मिरवायचंही नाही. अँजी दाव्हीद यांनी पुढं लिहिलेल्या त्यांच्या चरित्राला २००६ मध्ये चरित्रांसाठीचा गोंकूर मिळाला, त्यात आयुष्य सविस्तर आहे. पण आवाज कानांनी ऐकायचा तर माहितीपटच हवा.

या सगळ्या प्रकरणातलं माझ्या मनातून न जाणारं एक चित्र दवाखान्यातलं आहे. १९६८ मध्ये पोलाँ अखेरच्या आजारात होते. ओरी रात्री त्यांच्या खोलीत थांबायच्या, आणि तिथं बसून त्यांनी 'प्रेमात पडलेली मुलगी' हा मजकूर लिहिला, ती कादंबरी कशी लिहिली गेली त्याची हकिकत. एकुलता वाचक शेजारी अंथरुणावर, आणि त्याला लिहिलेल्या पत्राची गोष्ट ती आता बाकीच्या जगासाठी लिहीत होती. १९६९ मध्ये ती छापून आली, कादंबरीच्या पुढच्या भागाच्या सुरुवातीला. सही पोलीन रेआज हीच.

त्यानंतर जवळपास तीस वर्षांनी, कॅनडाच्या माया गॅलस यांच्या स्त्रियांच्या कामजीवनावरच्या माहितीपटासाठी ओरी शेवटच्या वेळी कॅमेऱ्यासमोर बसल्या. नव्वदीला टेकलेली बाई त्या प्रेमाबद्दल सांगते, आणि आपण इतकं वय गाठलं याचंच तिला नवल वाटत असतं.